म्हसोबाची अर्धी डिस्क

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून पुन्हा रोजनिशी. मागची बंद पडली त्याला घरचं वातावरण जबाबदार होतं.

दिवाळीनंतर लगेच आमच्या कॉम्प्युटरची जुनी हार्ड डिस्क गेली. मी तेव्हा अमरावतीला होते. बाबांनी मला न विचारता अकोल्याहून नवी आणून बसवूनही घेतली. डब्यावर लिहिलंय एक टीबी. म्हणजे हजार जीबी. आज मी कॉम्प्युटर उघडला तर स्क्रीनवर चारशे पासष्ट. अर्धीसुद्धा नाही!

बाबांना फसवलंय. बाबांना बॉलपेन घेतानाही फसवतात. त्यांना विचारून उपयोग नाही. माउस त्यांनी आजवर एकदाच हातात धरला, तोही पुसायला.

मला जागा हवी आहे. माझा माहितीपट, 'काळ्या मातीतल्या बायका', अमरावतीच्या मैत्रिणीच्या, तहरीमच्या ड्राइव्हवर पडून आहे. सगळं मिळून सहाशे जीबीच्या आसपास. महिनाअखेरीला वीस मिनिटांची फिल्म फेलोशिप देणाऱ्या संस्थेकडे पोचली पाहिजे. फेलोशिप एकच आहे. मिळाली तर वर्षभर गावोगाव फिरून काम. नाही मिळाली तर आईच्या मते मूर्तिजापूरचा एक मुलगा 'बघून ठेवायले' हरकत नाही.

फेलोशिप मिळणारच आहे. प्रश्न फक्त जागेचा.

४ नोव्हेंबर, मंगळवार

या घरात विचार करणारी व्यक्ती मी एकटी आहे. हे अभिमानाने नाही, थकव्याने लिहिते आहे. पहिली ग्रॅज्युएट असणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी दुसरी असते त्यांना कळत नाही.

दोन वर्षांपूर्वी बाबा आणि सहदेवकाका वेगळे निघाले. भांडण कशावरून? वावराच्या धुऱ्यावरून. बांध हातभर इकडे की हातभर तिकडे. तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. वावराचे दोन भाग झाले, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लागल्या, अंगणात मधोमध दोरी आली. झोपाळ्याची फळी आमच्याकडे, कड्या काकांकडे. दोन वर्षांत कोणी झोका घेतलेला नाही. अगदीच गरज पडली तर काका म्हशीला सांगतात, "आज पानी आपलं हाय वं." बाबा बैलाला सांगतात, "मालूम हाय रे."

फक्त कॉम्प्युटर सामायिक राहिला. तो दोघांच्या पैशातून माझ्यासाठी आणि पियुषसाठी घेतलेला. पियुष हा काकांचा मुलगा. बारावीत दोनदा राहिला आणि त्याबद्दल त्याला काही वाटत नाही. निदान कॉम्प्युटरचे तरी दोन भाग करता येत नाहीत, हे माझं नशीब.

संकल्प: गुरुवारी अकोला. त्या दुकानदाराशी ग्राहक म्हणून, नागरिक म्हणून आणि स्त्री म्हणून बोलायचं.

६ नोव्हेंबर, गुरुवार, रात्री

अकोल्याला जाऊन आले. जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे, गुलफाम नावाच्या माणसाचं दुकान आहे. बसायला एक खुर्ची, तिच्यावर मदरबोर्ड.

मी बिल समोर ठेवलं. हजारची डिस्क, चारशे पासष्ट कशी, असं शांतपणे विचारलं. त्याने बिल पाहिलं, मला पाहिलं आणि हसला. "आप वामनरावांच्या पौर्णिमाताई ना? चाय घेता का?" मी म्हटलं, चहा नको, पाचशे पस्तीस जीबी हवेत. तर म्हणे, "ताई, माल बराबर हाय. तुमच्या बाबाले विचारा ना एकडाव. जसं बोलले तसं करून देल्लं मी. घरचा मामला हाय, मी कायले बीच में पडू?"

शिकलेल्या मुलीने प्रश्न विचारला की या समाजाला तिचा बाप आठवतो.

मी त्याला पितृसत्तेविषयी थोडक्यात सांगितलं. तो मान हलवत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "बरोबर हाय ताई. पन बाबाले विचारा." निगरगट्ट माणूस.

येताना गाडीत बसायला जागा नव्हती. मूर्तिजापूरपर्यंत उभं राहून तक्रारीचा मसुदा मनात तयार केला. फार चांगला झाला होता. घरी येईपर्यंत विसरले.

७ नोव्हेंबर

जेवताना आईने विचारलं, "अकोल्याले कायले गेलती?" मी म्हटलं, ग्राहक हक्क. आई म्हणे, "भेटला का?"

मग तिने वावरातली कसलीशी गोष्ट सुरू केली. कापूस वेचताना कुणाच्या ओट्यात, म्हणजे कमरेच्या झोळीत, साप निघाला आणि ती बाई सापाला काय बोलली. मी म्हटलं, आई, विषयाला धरून बोल. ती भाकरी वाढायला लागली. माझ्या माहितीपटासाठी मी इतक्या बायकांशी बोलले, पण आईला घेता आलं नाही ते याचमुळे. तिच्या बोलण्याला मुद्दाच नसतो.

बाबा म्हणाले, "डिस्क बराबर चालून राहिली ना बाई?" मी म्हटलं, तुम्ही काळजी करू नका, मी बघते. ते आणखी काही सांगणार होते. मी उठले. त्यांना कमीपणा वाटेल असं काही मला बोलायचं नव्हतं.

९ नोव्हेंबर, रविवार

अमरावती. तहरीमकडे. होस्टेलची मैत्रीण, आता एका ऑफिसात डेटाचं काम करते. मनाने चांगली आहे, पण झेप नाही. ड्राइव्हही ऑफिसचा आहे.

तिने कंपनी हजाराने मोजते आणि कॉम्प्युटर हजार चोवीसने मोजतो, असं काहीतरी कागदावर मांडून दाखवलं. त्यामुळे हजारचे नऊशे एकतीसच दिसतात म्हणे. मी तेव्हा फेलोशिपच्या मुलाखतीत पहिलं वाक्य काय म्हणायचं याचा विचार करत होते, त्यामुळे सगळं नीट ऐकलं नाही. ऐकण्यासारखंही नव्हतं. कंपनीची बाजू घेणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही.

पण तहरीम म्हणाली, नऊशे एकतीस दिसायला हवेत, चारशे पासष्ट नाही. डिस्क मॅनेजमेंट उघडून बघ, अर्धा भाग कुठे लपवलेला असेल. आणि वर, "तुज्या बाबांनीच आनली ना? मग त्याईले विचार ना पागल." तिलाही बाबाच आठवले. हिच्यासाठी मी होस्टेलला व्याख्यानं ठेवली होती.

ड्राइव्ह दिला आहे. पुढच्या रविवारच्या आत परत हवाय.

१२ नोव्हेंबर, सकाळ

सापडलं!

डिस्क मॅनेजमेंटमध्ये निळी पट्टी बरोबर मधोमध कापलेली. अर्ध्या भागाला D. उरलेल्या अर्ध्याला नाव नाही, अक्षर नाही, काही नाही. म्हणजे गुलफामने अर्धी डिस्क स्वतःसाठी लपवून ठेवली. का? ते अजून कळलेलं नाही, पण अशा लोकांना कारण लागत नाही.

तहरीमला फोन केला. ती म्हणाली, "रुक. थोडंसं काहीतरी आहे त्यात. कोनाचं आहे ते विचार पहिले." मी विचारलं, कोणाला? ती म्हणाली, "घरात कोनालेही." घरात! हिला वाटतं आमच्या घरात निनावी पार्टिशन ओळखणारी माणसं आहेत.

१२ नोव्हेंबर, दुपार

केलं. डिलीट व्हॉल्यूम. मग एक्स्टेंड. मध्ये एक सूचना आली की आतला सगळा डेटा जाईल, पुढे जायचं का. या सूचना भित्र्या लोकांसाठी असतात.

आता D वर नऊशे एकतीस.

एका मुलीने, एका खेड्यात, कोणाचीही मदत न घेता. (तहरीमची मदत तांत्रिक होती.) बाहेर येऊन सगळ्यांना सांगावंसं वाटलं, पण अंगणात फक्त काका होते, दोरीच्या पलीकडे. त्यांनी माझ्याकडे पाहून म्हशीला विचारलं, "काय झालं हिले, कावून हासून राहिली?"

१५ नोव्हेंबर, शनिवार

सगळं फुटेज डिस्कवर उतरवलं. आज अमरावतीला जाऊन ड्राइव्ह परत दिला. तहरीमने माझ्यासमोरच रिकामा करून ऑफिसच्या कामाला लावला. तिने पुन्हा विचारलं, विचारलंस ना घरी? मी म्हटलं, हो. हे खोटं नव्हतं. मी स्वतःला विचारलं होतं आणि मीही घरातलीच आहे.

परत येताना एसटीत एक बाई कापसाच्या भावावर बोलत होती. शूट करावंसं वाटलं, पण तिचा उच्चार फारच गावठी होता.

१८ नोव्हेंबर

एडिटिंग चालू. बायका कॅमेऱ्यासमोर नीट बोलत नाहीत. "तुमच्या श्रमाचं मूल्य तुम्हाला काय वाटतं?" असं विचारलं की खाली बघतात. एकीने उलट मलाच विचारलं, "तुयं लगन झालं का वं?" कापलं. एक सारखी हसते. कापलं. उरलेल्या भागात त्या गंभीर आहेत आणि मी बोलते आहे. छान झालं आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार, अमावास्या

काय लिहू.

संध्याकाळी काका दोरी ओलांडून आमच्या घरात आले. दोन वर्षांत पहिल्यांदा. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात उदबत्ती. मागे पियुष. बाबा उठून बाजूला झाले, जणू त्यांना हे माहीत होतं. काका कॉम्प्युटरसमोर चप्पल काढून बसले.

मला वाटलं, माझ्या माहितीपटाची बातमी पोचली.

पियुषने काहीतरी बटणं दाबली. पुन्हा दाबली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, आमची अर्धी डिस्क कोठी गेली?"

तर असं. बाबा डिस्क आणायला गेले तेव्हा काकांनी निम्मे पैसे दिले आणि सोबत पियुषला पाठवलं. म्हणे वावर अर्धं, विहीर अर्धी, मंग डिस्क कावून नाही? गुलफामने दोघांसमोर मधोमध धुरा टाकून दिला. काकांचा हिस्सा कोणाची नजर लागू नये म्हणून झाकून ठेवला. काकांनी त्यात काहीच ठेवलं नव्हतं. फक्त एक फोटो. त्यांच्या बांधावरच्या शेंदूर लावलेल्या म्हसोबाचा, राखणीला. दर अमावास्येला वावरातल्या म्हसोबाला नारळ फुटतो, तसा इकडेही फोडायचा होता.

मी सांगितलं की तो भाग मी डिलीट केला.

उदबत्ती जळत होती. मग काका म्हणाले, आणि या वेळी म्हशीला नाही, मला, "माया वावरातला देव उपटला तू?"

मी त्यांना समजावलं की डिजिटल जागा ही जमीन नसते. त्यांना समजलं नाही. बाबांनाही समजलं नाही. बाबा फक्त म्हणाले, "मले विचारायचं तं असतं बाई एकडाव." गुलफामसारखेच बोलतात.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

कॉम्प्युटरसमोर पंचायत बसली. अतिशयोक्ती नाही. पुंजाराम मामांना बोलावलं. यांनीच वेगळं निघताना वावर मोजलं होतं. आज त्यांनी चष्मा लावून स्क्रीन मोजली.

निर्णय: डिस्क पुन्हा अर्धी करायची, धुरा होता तिथेच. पण माझं फुटेज अर्ध्यात मावत नाही. ते काकांच्या हिश्शात बरंच शिरलं आहे. पुंजाराम मामांनी विचारलं, "म्हंजे सहदेवच्या वावरात हिचं उभं पीक हाय?" पियुष म्हणाला, "हाव." मामा म्हणाले, "मंग उभं पीक कापता येत नाही. पाप हाय ते. बटईनं द्या. पिकल त्याच्यातलं अर्धं ज्याची जमीन त्याचं."

मी म्हटलं, फिल्म अर्धी कशी देणार? मामा म्हणाले, "वीस मिनिटं हाय ना? दहा."

फेलोशिपची फिल्म. सोयाबीन असल्यासारखी वाटून टाकली.

मग आणखी एक गोष्ट निघाली. मामांनी हिशोब केला. इकडचे आणि तिकडचे धरून नऊशे एकतीस, पण डबा म्हणतो हजार. बाकीचे कोठी गेले? बाबांनी काकांकडे पाहिलं, काकांनी बाबांकडे, आणि मग दोघांनी माझ्याकडे. मी सांगायला लागले की कंपनी हजाराने मोजते आणि कॉम्प्युटर... कितीने तरी मोजतो. तहरीमचा कागद आठवला, आकडा आठवला नाही. सगळे वाट बघत होते.

शेवटी बाबा म्हणाले, "धुऱ्यात गेले असन."

मामा म्हणाले, "बराबर. धुऱ्याले जागा लागतेच."

काका म्हणाले, "एवढा रुंद?"

बाबा म्हणाले, "नवा हाय. बसन खाली हळूहळू."

काका म्हणाले, "हाव. ते बी हाय."

अडाणीपणावर दोन माणसांचं एकमत किती पटकन होतं, हे पाहून थक्क झाले. आई चुलीपाशी डोळे पुसत होती. चूल तर पेटलेली नव्हती.

जाताना काका म्हणाले, "पोरी, मागतली असती तं अशीच देल्ली असती. पडीतच होती ना." मी मागणाऱ्यांतली नाही, हक्क मिळवणाऱ्यांतली आहे. हे त्यांना सांगायला हवं होतं. उशिरा सुचलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

म्हसोबाचा फोटो पियुषने वावरातून नव्याने काढून डेस्कटॉपवर मधोमध लावला. माझे सगळे आयकॉन शेंदरात आहेत.

काकांच्या दहा मिनिटांचं शूटिंग सुरू. दिग्दर्शनाला मी नकार दिला. कष्टकरी स्त्रियांच्या फिल्ममध्ये फेटा बांधलेला पुरुष मी दाखवणार नाही. मग मोबाइल घेऊन पियुषच उभा राहिला. विषय काय, संहिता काय, काही नाही. मी खोलीत बसून खिडकीतून बघत होते, तेही धूळ आत येऊ नये म्हणून.

काकांना झोपाळ्यावर बसून बोलायचं होतं. कड्या त्यांच्याकडे, फळी आमच्याकडे. काका म्हशीकडे वळले, मग थांबले आणि सरळ बाबांना म्हणाले, "दादा, फयी दे ना." बाबांनी फळी आणून दिली. पुसूनही दिली. दोघांनी मिळून झोपाळा टांगला. त्यासाठी दोरी काढावी लागली.

काका बसले, खाकरले, "मी सहदेव" म्हणाले आणि पुढे त्यांना काही सुचेना. फार बरं वाटलं.

तेवढ्यात आई आणि काकू कापूस वेचून एकत्र आल्या. या दोघी रोज बांधावर बोलतात हे आज कळलं. काकांना तसं बसलेलं पाहून काकू म्हणाली, "नवरदेव बसवला का हो?" आई हसायला लागली. मग दोघींनी काकांना उठवलं आणि स्वतःच झोपाळ्यावर बसल्या, ओटे तसेच कमरेला. आईने सापाची ती गोष्ट सांगितली. मग पाऊस लांबला त्या वर्षीची. मग मला पोटात घेऊन वेचणी केल्याची, आणि संध्याकाळी मोजताना मुकादम काय म्हणाला, त्याला ती काय म्हणाली. पियुष नुसता उभा. एक प्रश्न विचारला नाही त्याने. त्याला येतच नाहीत.

आई पूर्णपणे विषय सोडून बोलली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

फिल्म पाठवली. पहिली दहा मिनिटं माझी, पुढची दहा बटईची. काकांच्या आग्रहावरून नावांच्या पाटीवर माझं आणि पियुषचं, दोन्ही नावं. दोन भागांमधली दर्जाची दरी संस्थेच्या लोकांना कळेलच. ते सुशिक्षित आहेत.

संकल्प: फेलोशिप मिळाल्यावर पियुषला सहायक म्हणून ठेवायचं. मनाचा मोठेपणा लागतो.

५ डिसेंबर, शुक्रवार

संस्थेतल्या मॅडमचा फोन आला. खूप आवडली, म्हणाल्या. मी मुलाखतीचं पहिलं वाक्य तयारच ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "दुसरा भाग. पियुष कुठे आहेत? त्यांना बोलवायचं आहे."

पियुष म्हैस धुवत होता.

मग त्यांनी विचारलं, "आणि झोपाळ्यावरची ती उंच बाई कोण? पहिल्या भागात का नाही?"

मी म्हटलं, माझी आई.

मग त्या म्हणाल्या, जमलं तर त्यांनाही आणा. मंगळवारी.

८ डिसेंबर, सोमवार

उद्या सकाळच्या एसटीने आई आणि पियुष अमरावतीला जाणार. आईने दिवाळीचं लुगडं काढून ठेवलं आहे. काका पियुषला संध्याकाळभर झोपाळ्यावर बसवून मुलाखत कशी द्यायची ते शिकवत होते. बाबा चुका काढत होते.

माझ्याकडे काम दिलं आहे: दोघांना स्टँडवर नेऊन बरोबर गाडीत बसवायचं. त्यांना बोर्ड वाचता येतो, पण बाबा म्हणाले, "शिकलेलं मानूस सोबत असलं की बरं."

आत्ता आई विचारत होती, तिथं काय बोलू वं? मी तोंड उघडलं. मग म्हटलं, मले काय मालूम.